विचारायचं नाही, बघायचं

मेस्त्री, मी हल्ली कॉलेजात जातो. नळ किंवा मोटार दुरुस्त करायला नव्हे, शिकायला. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, भूगोल घेऊन, हजेरीपटावर त्रेचाळीस नंबर. वय सत्तेचाळीस. तुम्ही असतात तर हसला नसतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही आधी माझ्या हातांकडे बघितलं असतंत, मग चपलांकडे, आणि मग "बरं" एवढंच म्हणून खिशात बिडी शोधायला लागला असतात. ते "बरं" चांगल्या अर्थाचं की वाईट, हे मला चौदा वर्षं तुमच्याबरोबर काम करून कधी ओळखता आलं नाही. तुम्हाला जाऊन येत्या वैशाखात अकरा वर्षं होतील, आणि मी अजून तिथेच अडलेला आहे.

पहिल्यापासून सांगतो. पाइप मोजताना मी मधूनच सुरुवात केली तर तुम्ही पुन्हा एकपासून मोजायला लावत होतात. दहावी मी तुमच्याकडे येण्याआधीच झालो होतो. बारावी मात्र गेल्या वर्षी, बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून, दुकानात बसून अभ्यास करून. इंग्रजी मी पंपांच्या कॅटलॉगवरून शिकलो, मोटारीचं वाइंडिंग जळालेल्या मोटारी उलगडून शिकलो. तुम्ही हँडपंप शिकवलात, बाकीचं कुणी शिकवलं असं नाही. मुरबाडला दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे आणि त्याखाली 'सर्व प्रकारचे पंप' असं लिहिलंय, आणि त्यात एक अक्षर खोटं नाही. कॉलेज सकाळचं असतं, साडेबाराला सुटतं, एक वाजता मी शटर वर करतो. घरातून कुणी नको म्हटलं नाही. बायको एवढंच म्हणाली, "नवीन दप्तर घ्याल, का टाकीवर फुकट मिळालेली पिशवी न्याल?" मी पिशवीच नेली. तिच्यावर एका टाकीवाल्या कंपनीचा हत्ती आहे. त्याला पहिल्या आठवड्यात पोरांनी नाव ठेवलं, ते मी इथे लिहीत नाही.

पहिल्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी मी गेटात होतो. तास सात पन्नासला. वर्ग कुठे आहे हे शिपायाला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण मी विचारलं नाही. गेटाच्या आतल्या चाफ्याखाली उभा राहिलो आणि बघत राहिलो. पांढरा कोट दप्तरातून डोकावतोय ती सायन्सची. घोळक्याने येऊन मोबाइलवर काहीतरी दाखवत उभी राहतात ती कॉमर्सची. आणि एकच वही गुंडाळून पँटच्या मागच्या खिशात कोंबलीय, तो आपला, आर्ट्सचा. अशा तीन पोरांच्या मागे मी जिना चढलो आणि बरोबर माझ्याच वर्गात पोचलो. आत शिरलो तसा सगळा वर्ग उभा राहिला. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा हळूहळू खाली बसला. त्या दिवशी मला तुमची फार आठवण झाली. मनात म्हटलं, मेस्त्री, तुमची विद्या इथेही चालते.

नंतर मात्र गोंधळ सुरू झाला. पूर्वी मी ऐकलेलं कॉलेज म्हणजे विषय सहा, पेपर सहा. आता तसं नाही. एक मेजर असतो, एक मायनर असतो, एक ओपन इलेक्टिव्ह असतो, त्याशिवाय तीन-चार आणखी असतात ज्यांची नुसती आद्याक्षरं बोलतात. मी एकेक शब्द ऐकला तसा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला, तारखेसकट, पुढे अर्थासाठी जागा सोडून. ती जागा बरेच दिवस कोरीच होती. कधी सगळा वर्ग उठून खालच्या मजल्यावर जाई, कधी निम्माच जाई. कधी मी सव्वासातला जाऊन बसावं आणि वर्गात चिमणीसुद्धा नसावी, कारण तास रद्द झालेला. हे बाकीच्यांना कुठून कळतं, ते समजेना. हँडपंप बिघडला की आपण हँडल हलवून, कान लावून ओळखतो ना, रॉड सुटलाय की पाइपला भोक पडलंय, तसं मी ह्या कॉलेजाला कान लावून बसलो होतो. नुसता आवाज येत होता.

तुम्ही म्हणाल, विचारलं का नाहीस. नाही, तुम्ही असं म्हणणार नाही. तेच तर लिहायला बसलोय.

शेणव्याच्या अलीकडच्या त्या वाडीवरचा दिवस तुमच्या लक्षात नसेल, माझ्या आहे. मी एकोणीस वर्षांचा, तुमच्याकडे येऊन चार महिने झालेले. बोरिंगच्या खालच्या नळीतला व्हॉल्व्ह गेलेला, अकरा पाइप वर काढायचे होते, म्हणजे एकशे दहा फूट. आपण दोघं आणि वाडीवरचे चार बाप्ये. बाजूला बाया हंडे घेऊन बसलेल्या, सतराएक असतील. सातवा पाइप वर आलेला, तुम्ही क्लॅम्प आवळत होतात, आणि मी बोललो. हे पाणी खाली येतं कुठून, मेस्त्री? इथे एकशे दहाला लागलं आणि समोरच्या बांधावर दोनशेला पण नाही लागलं, असं का? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. चार महिने तो प्रश्न माझ्या घशाशी होता. तुम्ही क्लॅम्पचे दोन्ही नट आवळले, पाना खाली ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "डोले दिलेत ना देवानी? मग तोंड कशाला चालवतोस. बघ."

बाया हसल्या. बाप्येही हसले. ते मी सोसलं असतं. पण काम आटपल्यावर फाट्यावर गाडीची वाट बघताना तुम्ही मला म्हणालात, "उद्या येऊ नको." बावीस दिवस मी घरी होतो, मेस्त्री. त्या बावीस दिवसांत मी ओढ्याच्या कडेकडेने फिरलो, विहिरींमध्ये उतरून दगड बघितले, कुठे पाझर आहे आणि कुठे कोरडं आहे ते बघितलं. बघा म्हणालात ना, म्हणून. पुष्कळ बघितलं आणि काही कळलं नाही. तेविसाव्या दिवशी तुम्ही चहावाल्याजवळ निरोप ठेवलात की पाना-लिफ्टर घेऊन ये. मी आलो. त्यानंतर मी तुम्हाला काहीही विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा गर्व होता. तालुक्यात लोक म्हणायचे, ह्याला एकदा दाखवा, सांगायला नको. मी कुणाकडे जाऊन "मला जरा समजावता का" असं म्हटल्याचं सांगणारा एक माणूस दाखवता येणार नाही. अगदी कॉलेजचा फॉर्म भरतानासुद्धा. सायबरवाला पोरगा म्हणाला, "काका, ओपन इलेक्टिव्ह कुठलं टाकू?" ते काय असतं हे विचारण्याऐवजी मी ऐटीत म्हणालो, "जे सगळे टाकतात ते टाक." त्याने काहीतरी टाकलं. छापील पावतीवर नुसता कोड होता. मी ती घडी घालून पाकिटात ठेवली.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात, नाही, चौथ्याच, भूगोलाच्या मॅडमनी तो धडा घेतला. आपल्या मुरबाड-शहापूरचा सगळा दगड लाव्हाचा, थरावर थर साचलेला. पाणी असतं ते थरांच्या मधल्या झिजलेल्या दगडात आणि भेगांत. जिथे भेग सापडली तिथे पाणी, चार पावलांवर नाही सापडली तर खडखडाट. झालं. वहीत साडेचार ओळी झाल्या. अठ्ठावीस वर्षं जो प्रश्न मी उरी बाळगला त्याचं उत्तर साडेचार ओळींचं होतं, आणि माझ्या पुढच्या बाकावरची दोन पोरं तेव्हा डबा खात होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण झालं असं, की रॉड सुटल्यावर हँडल एकदम हलकं लागतं आणि पाणी काही येत नाही, तसं झालं. तुम्हाला हे ठाऊक होतं का, मेस्त्री? एवढंच माझ्या मनात आलं. ठाऊक असून सांगितलं नाहीत, की ठाऊकच नव्हतं?

मी ह्याच विचारात होतो तोवर पहिल्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे, तिथली. अठरा वर्षांची असेल, सव्वा तास चालून खाली येते आणि एसटी धरते. तिची घरची बोली वेगळी, मराठी बोलते तीही आपल्यासारखी गावठी, म्हणून पोरं हसतात. तिला त्याचं काही नाही. दर तासाला उभी राहते. मला तिचा राग यायचा. वाटायचं, बघता येत नाही का हिला. ती म्हणाली, "मॅडम, मग आमच्या वाडीवरच्या बोरिंगचं पाणी शिमग्याला जातं आन खालच्या ओहळाजवळच्याचं जात नाय. थर तर सारखाच ना. मग असं का?" ती दोन्ही बोरिंगं मला ठाऊक होती. वरच्याला नऊ पाइप, खालच्याला सात. मॅडमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मला नक्की नाही सांगता येणार. नकाशा बघते, कुणाला तरी विचारते आणि सांगते."

मी वर्गात सगळीकडे बघितलं. आता काय होतं ते बघत होतो. काही झालं नाही. कुणी हसलं नाही, मॅडमचा चेहरा उतरला नाही. त्यांनी फळा पुसला आणि पुढचा मुद्दा लिहिला. पुढच्या सोमवारी त्या खरंच नकाशा घेऊन आल्या. मी दुकानात बसून दोन दिवस त्यावर विचार केला. गिऱ्हाईकाला दोनदा चुकीचा स्विच दिला.

तर ते ओपन इलेक्टिव्ह. दर मंगळवारी आणि गुरुवारी दुसऱ्या तासानंतर आमच्या वर्गातली बरीचशी पोरं उठून बारा नंबरच्या खोलीत जात. मीही जात होतो. तिथे जाहिरात हा विषय होता. शिकवणारे सर अगदी तरुण, तासिका तत्त्वावरचे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले. मी आत आलो की ते एकदम नीट उभे राहत, आवाज वाढवत, मुद्दे क्रमाने सांगत. मला वाटायचं, शिस्तीचा माणूस आहे. हजेरीचा कागद फिरायचा, त्यावर माझं नाव छापलेलं नसायचं, मी शेवटी स्वच्छ अक्षरात लिहून सही करायचो. माझी वही वर्गात नावाजलेली होती. मुद्दे लाल शाईत, खुलासा निळ्या. परीक्षा जवळ आली तशी पोरं ती झेरॉक्सला नेऊ लागली. एक दिवस झेरॉक्सवाल्याच्या टेबलावर मला माझ्या अक्षरांचा गठ्ठा दिसला, वीस-पंचवीस प्रती असतील. छाती फुगली माझी, खोटं कशाला सांगू. आपल्याला कुणी शिकवलं नाही, आणि आपल्या वहीवर कॉलेज शिकतंय.

मग अंतर्गत परीक्षेच्या याद्या बोर्डावर लागल्या. जाहिरातीच्या यादीत मी माझं नाव तीनदा शोधलं, वरून खाली, खालून वर, आणि मग बोट ठेवून. नव्हतं. ती वाडीवरची मुलगी बाजूलाच उभी होती. म्हणाली, "काका, तुमचं नाव ह्या लिस्टीत नाय, त्या पलीकडच्या लिस्टीत हाय." पलीकडची यादी 'आहार आणि पोषण' ह्या विषयाची होती. एकोणचाळीस नावं, त्यातल्या चौतीस मुली. तिसाव्या क्रमांकावर मी. नावापुढे पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत सलग गैरहजेरी, आणि शेवटी शेरा: परीक्षेस बसता येणार नाही.

मी तिला म्हणालो, "माहीत आहे मला." आणि जिना उतरून सरळ घरी आलो.

तीन दिवस कॉलेजला गेलो नाही. बायकोला मी सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने निवडणं थांबवलं नाही. म्हणाली, "आहार शिकायचा होता तर घरात इचारायचं. आमी काय फी घेतली असती?" मग थोड्या वेळाने, सुपातलं खाली न सांडता, "जाऊन सांगा ना त्या मॅडमना. चूक झाली म्हणावं." मी म्हटलं, जमणार नाही. सोडतो म्हटलं. तीन महिने करून बघितलं, झालं. तेव्हा तिचं निवडणं थांबलं. सोडायचं म्हणजे काय सोडायचं हे तिला कळत होतं. बारावीचा अभ्यास मी कसा केला हे तिनेच बघितलंय. पण मला खरोखरच, मेस्त्री, कॉलेज सोडणं सोपं वाटत होतं आणि त्या खोलीच्या दारात उभं राहून "मला कळत नाही" म्हणणं अवघड. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पाटीवर नाव असलेला.

त्या तीन दिवसांत मला एकसारखी म्हसा गावची जत्रा आठवत होती. एका पौषात तुम्ही मला बरोबर नेलं होतंत, तुमच्या मेव्हण्याला बैलजोडी घ्यायची होती म्हणून. तिथे तुम्ही मला ओळखूच येईनात. दाताला हात लावून इचार, कुठल्या गावचा म्हणून इचार, किती पावसाळे नांगराला, पाणी कुठलं प्यालेला, मारका का, डावीकडे चालतो का उजवीकडे. त्या मालकाला तुम्ही तास-दीड तास नुसते प्रश्न विचारत होतात, हसत होतात, टाळ्या देत होतात. माझ्यासाठी तिथेच एक काळं घोंगडं घेतलंत, अजून आहे ते. मी तेव्हा चकित होऊन बघत राहिलो. आता घरी बसून वाटायला लागलं की तुम्हाला बैलातलं कळत होतं, म्हणून तुम्ही मोकळे होतात. जमिनीखालचं कळत नव्हतं. पण मग मला तर पंपातलं सगळं कळतं, तरी माझं तोंड का उघडत नाही? इथे माझा हिशेब चुकतो. अजूनही चुकतो.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला की वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीचं बोरिंग बंद पडलंय. मी सामान घेऊन गेलो. ती मुलगी तिथेच होती, कॉलेजला सुट्टी होती म्हणून. वाडीवरचे तिघे आणि ती, असे आम्ही नऊ पाइप वर काढले. रॉड धरायला तिला एकदा दाखवलं, पुन्हा दाखवावं लागलं नाही. खालच्या नळीतून चामड्याचा वायसर निघाला, चिंधी झालेला. मी डब्यातून नवा काढला, दोन दिवस गोड्या तेलात मुरवलेला, आणि बसवायला लागलो. ती शेजारी उकिडवी बसून बघत होती. म्हणाली, "काका, होळीच्या आधी तुमी हा बदलला, मग ज्येष्ठात बदलला, आता परत. खालच्या बोरिंगचा चार चार वर्सं जातो. आमचाच का फाटतो?"

माझ्या वहीत त्या बोरिंगच्या सगळ्या तारखा आहेत. कोणता सुटा भाग, कधी बदलला, कोणत्या मापाचा. 'का' असा रकाना नाही. भोवती बाया हंडे घेऊन उभ्या होत्या, वाट बघत, आणि मला एकदम तुमची बाजू दिसली. ह्या बायांसमोर ज्याच्या हातात पाना आहे त्याने नाही माहीत म्हटलं तर त्यांनी कुणाकडे बघायचं? माझ्या तोंडून तुमचा शब्द बाहेर पडला, तुमच्याच आवाजात. म्हणालो, "बघ."

ती म्हणाली, "बघितला काका. बघूनच इचारते."

तिची चुलती मागून म्हणाली, "ती चुलीला पण इचारते, का पेटलीस." सगळ्या हसल्या, तीही हसली. माझ्यावर कुणी हसत नव्हतं. मी पुन्हा वायसर बसवायला घेतला. अठ्ठावीस वर्षं मी धरून चाललो होतो की एक तर माणूस बघतो, नाही तर विचारतो. तिने ते दोन्ही एका वाक्यात करून टाकलं आणि रॉडचा पाना माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाली, "तुमी तीन दिवस आला नाय. त्या लिस्टीचं मॅडमला इचारलं का?" मी पाना फिरवत राहिलो. तिला कळलं. म्हणाली, "इचारा ना मग. खातात का त्या?"

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. कागदावर मजकूर लिहून नेला होता, 'ओपन इलेक्टिव्ह विषयाच्या नोंदणीबाबत खुलासा मिळावा', तीनदा खोडून लिहिलेला. भूगोलाच्या मॅडम स्टाफरूममध्ये होत्या. मला दारात बघून अर्ध्या उठल्या, सगळेच उठतात, आणि म्हणाल्या, या, बसा ना. मी बसलो नाही. कागद खिशात होता, हात तिथपर्यंत गेलाच नाही. तोंडातून आलं ते असं: "मॅडम, मी कुठल्या वर्गात बसायचं?"

त्या म्हणाल्या, "आत्ता?"

"नाही," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

त्यांनी माझी पाकिटातली पावती घेतली, ऑफिसात जाऊन आल्या. चार मिनिटं लागली, भिंतीवर घड्याळ होतं. कोपऱ्यात ते जाहिरातीचे तरुण सर बसले होते. ते खुर्चीवरून उठून जवळ आले आणि म्हणाले, "काका, तुम्ही विद्यार्थी आहात?" त्यांना वाटत होतं की मला कुणीतरी वरून पाठवलंय, ते नीट शिकवतात की नाही हे बघायला. तीन महिने ते माझ्या धाकाने तयारी करून येत होते. मला विचारायचं त्यांच्या मनात आलं होतं म्हणे, पण माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून धीर झाला नाही. मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग मलाही हसू आलं. राहिलेले नऊ तास आहार-पोषणाला बसायचं आणि वीस पानांचा प्रकल्प द्यायचा, म्हणजे परीक्षेला बसू देतील, असं ठरलं. आणि वर्गाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, तास कधी, कुठे, रद्द की चालू, सगळं त्यावर येतं, हेही मला त्या दिवशी कळलं. म्हणजे ज्याला मी कान लावून बसलो होतो ते सगळं ह्या पोरांच्या खिशात होतं.

परीक्षा दिली. आहार आणि पोषणात पास झालो, काठावर. जाहिरातीत वर्गात पहिला आलो असतो, पण तो माझा विषय नव्हता. आता दुसरं सत्र सुरू आहे, ग्रुपवर आहे, शेवटच्या पानावरचे निम्मे अर्थ भरलेत. तरी दर वेळी हात वर करताना ते बावीस दिवस आठवतात. आणि तुमचं गणित मला अजूनही सुटत नाही. तुम्ही मला गप्प केलंत म्हणून मी एवढं बघायला शिकलो हेही खरं, आणि त्यापायी तीन महिने भलत्या खोलीत बसलो हेही खरं. तुमच्यावर रागवायचं की पाया पडायचं ते ठरत नाही. कधी कधी एकाच दिवशी दोन्ही होतं.

पण एक गोष्ट आहे, तिच्यात गोंधळ नाही. ती अकरा वर्षं मी कुणाला सांगितलेली नाही. ठाण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात तुमच्या खाटेशी मी एकटा होतो. तुमचा मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. मोठे डॉक्टर आले, पायथ्याशी उभे राहिले, कागद चाळत भराभर बोलले, निम्मं इंग्रजीत. मी मान हलवत होतो. जाताना ते थांबले आणि म्हणाले, समजलं ना, काही विचारायचंय का? मी म्हणालो, नाही. ते गेले. मला वाटत होतं तुम्ही झोपला आहात. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "काय बोलला रे?"

तुम्ही मला आयुष्यात विचारलेला प्रश्न एवढा एकच. मी म्हणालो, "बरं वाटंल बोलला." तुम्ही "बरं" म्हणालात. मुलगा वर आला, त्याला तुम्हीच सांगितलंत की डॉक्टर येऊन गेला, बरं वाटंल बोलला. दुसऱ्या दिवशी तुम्हाला घरी नेलं. त्यानंतर नऊच दिवस काढलेत तुम्ही.

डॉक्टर काय बोलले ते मला कळलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी, ते थांबले होते. फरक पडला असता असं मी म्हणत नाही; बहुधा काहीच पडला नसता. हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकता येईल, घर तिथेच आहे. पण ते तुमचा मुलगा उघडेल आणि वाचेल, आणि दुकानावर येऊन मला विचारेल की डॉक्टर त्या दिवशी नेमकं काय बोलले होते. म्हणून टाकत नाही.